सडक कशाने मोडते?

आमच्या वाचनवर्गाला एक आबा येतात. वय सत्तरीच्या घरात. उन्हाळ्यात अक्षरे गिरवू लागले आणि आता दुकानांच्या पाट्या वाचतात. पावसाळा सरत आला होता, तेव्हाची गोष्ट. आबा वर्गात आले ते वैतागूनच. पाटी बाजूला ठेवून म्हणाले, "गुरुजी, धडा मागनं बघू. आधी मला एक सांगा. आपली सडक दगडाची. वर डांबर. मग दोन पावसाळ्यांत तिची अशी चाळण कशी झाली?"

वर्गात लगेच दोन तट पडले. कोणी म्हणाले, "ठेकेदारानं खाल्ली, दुसरं काय!" कोणी म्हणाले, "औंदा पाऊसच तसा झाला." मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ते उसाचे ट्रक बघा की. ते गेले की माझ्या मांडणीवरची भांडी वाजत्यात."

मावशींचे बोलणे कोणाला फारसे रुचले नाही. ऊस सगळ्यांच्याच रानात आहे. आबांच्या पुतण्याची तर स्वतःची मालमोटार आहे.

पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सडक फुटल्यापासून गावात मुक्कामाला येणारी गाडी फाट्यावरूनच परत फिरू लागली होती. हायस्कुलाच्या मुली फाट्यापासून चालत येत. दुधाचे कॅन मोटारसायकलवरून नेताना कॅनचे झाकण उडत होते. बाळंतीण न्यायची वेळ आली तर काय, हा घोर प्रत्येक घराला होता. म्हणून आम्ही म्हटले, आज धडा राहू द्या. सडकेचाच धडा करू.

पुष्कळांना वाटते, सडक म्हणजे वरचे काळे डांबर. तसे नाही. डांबर हे सडकेचे छप्पर आहे. छप्पर पाणी आत येऊ देत नाही. भार पेलायचे काम मुख्यतः खालच्या थरांचे. डांबराच्या खाली बारीक खडी. तिच्याखाली मोठी खडी. तिच्याखाली मुरूम. आणि सगळ्यांच्या खाली माती. वरून चाक दाबते. एका थराने तो दाब खालच्या थरावर पसरायचा, त्याने आणखी खालच्यावर. चिखलात आपण फळी टाकून चालतो ना, तसे. पाय फळीवर पडतो, पण भार फळीभर पसरतो. म्हणून पाय रुतत नाही. शेवटी सगळे वजन येते ते मातीवरच.

ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने नीट ओळखली. त्यांचे नाव जॉन लाउडन मॅकॅडम. ते १७५६ साली स्कॉटलंडात जन्मले. १८१६ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहराकडच्या सडकांची देखरेख त्यांच्याकडे आली. त्या काळी सडकेखाली मोठमोठे धोंडे रचीत. मॅकॅडम म्हणाले, धोंड्यांची गरज नाही. भार मातीच पेलते. फक्त ती कोरडी राहिली पाहिजे. त्यांनी सडक आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उंच केली. मध्ये फुगवटा आणि दोन्ही कडांना उतार ठेवला, म्हणजे पाणी साचणार नाही. वर बारीक फोडलेली खडी पसरली. खडीचा तुकडा गाडीच्या लोखंडी धावेच्या रुंदीपेक्षा लहान हवा, असा त्यांचा कटाक्ष होता. तुकडा मोठा असला तर चाक त्याला उखडून काढते. लहान असले की चाकच त्यांना एकमेकांत दाबून घट्ट करते. आपल्या खडीच्या सडकेला इंजिनियर लोक आजही मॅकॅडमच म्हणतात.

आता आपली माती पाहा. काळे रान. पाऊस पडला की फुगते, ऊन लागले की आक्रसते. उन्हाळ्यात तिला इतक्या मोठ्या भेगा पडतात की त्यांत हात जातो. अशी माती ओली झाली म्हणजे लोण्यासारखी मऊ. कोरडी असताना जी सडक भरलेला ट्रक सहज पेलते, तीच माती भिजल्यावर खचते. तेव्हा पाऊस कारण आहे, हे म्हणणारे अगदीच चुकले नव्हते. पण पाणी आत शिरले कुठून? छप्पर फाटले म्हणून. आणि छप्पर फाटले कशाने?

एक तार घ्या. एकदा वाकवली तर मोडत नाही. सरळ करा, पुन्हा वाकवा. दहा वेळा, वीस वेळा. मग ती तुटते. डांबराचे तसेच आहे. जड चाक आले की डांबर खाली किंचित लवते. डोळ्यांना दिसत नाही, पण लवते. चाक गेले की वर येते. रोज शेकडो वेळा असे झाले की डांबराला बारीक भेगा पडतात. त्या एकमेकींना मिळतात आणि मगरीच्या पाठीसारखी नक्षी उमटते. त्या भेगांतून पाणी आत जाते. मग पुढचा ट्रक आला की खालचे पाणी दाबले जाऊन वर उसळते आणि येताना मुरूम-माती घेऊन येते. भेगेच्या कडेला मातकट डाग दिसतो, तो त्याचाच. आत पोकळी होते. एक दिवस वरचा पापुद्रा निघतो. खड्डा!

तर मग मोटारसायकल गेली काय, जीप गेली काय आणि ट्रक गेला काय, सडक लवतेच की. मग सगळा दोष ट्रकाच्या माथी का?

हा प्रश्न वर्गातल्या एका तरुणाने विचारला, आणि चांगला विचारला. त्याचे उत्तर शोधायला अमेरिकेत मोठा प्रयोग झाला होता. इलिनॉय राज्यात ओटावा नावाचे गाव आहे. त्या गावाजवळ केवळ प्रयोगासाठी सडका बांधल्या. कुठे डांबराचा थर जाड, कुठे पातळ. कुठे खाली खडी जास्त, कुठे कमी. मग सैन्यातले जवान ट्रक घेऊन त्यांवरून गोल गोल फिरत राहिले. एका सडकेवर हलके ट्रक, दुसरीवर जड, तिसरीवर त्याहून जड. १९५८ च्या ऑक्टोबरात सुरुवात झाली आणि १९६० च्या अखेरीस काम थांबले. त्या दोन वर्षांत सडकांवरून अकरा लाखांहून अधिक वेळा आस गेले. आस म्हणजे, बैलगाडीच्या दोन चाकांच्या मधला असतो तो. ट्रकलाही तसाच असतो. ड्रायव्हर मंडळी त्याला एक्सल म्हणतात.

प्रयोगातून जे कळले ते आपल्या रोजच्या हिशोबाला धक्का देणारे आहे. आपल्याला वाटते, वजन दुप्पट झाले तर सडकेला मार दुप्पट बसेल. तसे होत नाही. आसावरचे वजन दुप्पट झाले तर मार सोळापट बसतो. हिशोब असा: दोन गुणिले दोन चार, चार गुणिले दोन आठ, आठ गुणिले दोन सोळा. दोनला चार वेळा मांडून गुणायचे. वजन तिप्पट केले तर तीनला चार वेळा मांडा. एक्याऐंशीपट!

हा अगदी काट्यावरचा हिशोब नव्हे, बरे का. माती कोणती, थर किती, त्याप्रमाणे कमीजास्त होते. पण जगभर इंजिनियर सडकेचा अंदाज याच रीतीने बांधत आले आहेत.

एक टन म्हणजे दहा क्विंटल, हे तुम्हाला ठाऊक आहे. लहान मोटारीच्या एका आसावर अर्धा टन वजन धरा. भरलेल्या ट्रकच्या मागच्या आसावर आठ टन धरा. वजन सोळापट. आता सोळाला चार वेळा मांडून गुणा. उत्तर येते ६५,५३६. म्हणजे ट्रकचा तो एक आस सडकेवरून एकदा गेला, की लहान मोटारीचा आस पासष्ट हजार वेळा गेल्याइतका मार बसतो. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा आबांनी तो दोनदा वाचून घेतला.

म्हणून मोटारसायकलींनी, जीपगाड्यांनी सडक झिजते असे म्हणायला फारसा अर्थ नाही. बैलगाडीची गोष्ट निराळी होती. पूर्वी तिच्या चाकाला लोखंडी धाव असे. धाव अरुंद, म्हणून ती सडकेत कापत जाई. चाकोरी हा शब्द तिथूनच आला. आता टायरच्या गाड्या आल्या. त्यांचा तो उपद्रव गेला.

मग ट्रक बंदच करायचे का? छे! ऊस कारखान्याला कसा जायचा? खत गावात कसे यायचे? सडक केली ती मालासाठीच. प्रश्न ट्रकचा नाही, एका आसावर किती घातले याचा आहे. सहा टायरी ट्रकला दोन आस. दहा टायरीला तीन. केंद्र सरकारने २०१८ साली मर्यादा वाढवल्या. त्याप्रमाणे सहा टायरी गाडीचे मालासकट एकूण वजन साडेअठरा टन ठरले. पुढच्या आसावर ७ टन, मागच्यावर साडेअकरा. दहा टायरी गाडीला एकूण साडेअठ्ठावीस टन. माल जास्त पाहिजे तर चाके जास्त पाहिजेत. चिखलावर रुंद फळी टाकण्यातला हाच विचार आहे.

दुसऱ्या दिवशी आबा खिशातून एक कागद काढून म्हणाले, "हे वाचतो बघा." गेल्या हंगामातली वजनकाट्याची पावती होती. पुतण्याच्या सहा टायरी गाडीची. आबा बोट ठेवून वाचू लागले. भरलेली गाडी, २४ टन. रिकामी गाडी, ६ टन. ऊस, १८ टन. वाचून झाल्यावर ते आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. पासिंग होते साडेअठराचे. साडेपाच टन जादा.

आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. जादा माल बहुतेक मागच्या आसावर येतो. म्हणजे मागे साडेअकराच्या जागी साडेसोळा टन धरू. सुमारे दीडपटीला थोडे कमी. चार वेळा मांडून गुणले तर मार येतो सव्वाचारपट.

आता असे पाहा. छत्तीस टन ऊस कारखान्याला न्यायचा आहे. अठरा-अठरा टनांच्या दोन खेपा केल्या, तर सडकेला मार बसला सव्वाचार आणि सव्वाचार, साडेआठ. तोच ऊस नेमाप्रमाणे बारा-बारा टनांच्या तीन खेपांत नेला, तर मार बसला तीनच. खेप एक वाढली, पण सडकेचे झिजणे एकतृतीयांशावर आले. तिसऱ्या खेपेला डिझेल जास्त लागते, हेही खरे आहे. ते लपवून चालणार नाही.

वाहतुकीचा दर टनावर असतो. गाडीवर कर्ज असते, हप्ता थांबत नाही. म्हणून गाडीवाला जास्त भरतो. तो काही हौसेने भरीत नाही. पण सडकेचा खर्च कोणाच्याच पावतीवर लिहिलेला नसतो. तो गावाने भरायचा असतो. कसा, ते मावशींच्या घरापाशी उभे राहिले की कळते.

सडक फुटली की खालची माती उघडी पडते. गाडी गेली की धुरळ्याचा लोट उठतो. तो कडेच्या पिकावर बसतो. धुळीने माखलेले पान ऊन नीट घेऊ शकत नाही, त्याची बारीक रंध्रे बुजतात. सडकेलगतच्या पहिल्या दोन-चार ओळींचे पीक खुरटलेले असते, ते आपण पाहतोच. पण पिकापेक्षा छातीचे नुकसान मोठे. या धुळीतला सर्वांत बारीक कण डोळ्याला दिसत नाही. तो नाकात अडकत नाही, थेट फुफ्फुसात जातो. लहान मुले, म्हातारी माणसे, दम्याचे रोगी यांना त्याचा त्रास अधिक.

त्यात डिझेलचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले की डिझेल इंजिनाच्या धुराने माणसाला कर्करोग होतो. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचे नेम पुष्कळ कडक केले. नव्या गाडीचा धूर त्यामुळे कमी झाला. पण जुन्या गाड्या अजून धावतातच. आणि सडक खड्ड्यांची असली तर गाडी कोणतीही असो, दर खड्ड्याला ब्रेक लावायचा, गिअर बदलायचा, पुन्हा जोर करायचा. तेवढेच अंतर, पण डिझेल जास्त आणि धूरही जास्त.

एक नुकसान मात्र सडकेवर दिसत नाही. ते दिसते डोंगरावर. एक किलोमीटर लांब आणि पावणेचार मीटर रुंद, अशी आपली गावाकडची सडक. तिच्यावर साडेसात सेंटिमीटर जाडीचा खडीचा एकच थर दाबून बसवायचा तर निदान २८० घनमीटर खडी लागते. म्हणजे जवळजवळ १०० ब्रास. एका थराला, एका किलोमीटरला! ही खडी आभाळातून पडत नाही. डोंगराला सुरुंग लावावा लागतो. खाणीजवळच्या घरांच्या भिंतींना तडे जातात, क्रशरची पांढरी धूळ उडते. जी सडक दहा वर्षे टिकायची ती तीन वर्षांत गेली, तर तेवढ्या काळात डोंगर तीनदा फोडायचा. वर ती खडी येते तीही जड टिपरमधून, याच सडकेने. वाळूचे टिपर तर दोन्हीकडून नुकसान करतात. नदीतली वाळू बेसुमार उपसली की काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते, आणि वाळू ओली, म्हणून वजनही भारी.

इथे पहिला तट जागा झाला. "म्हणजे ठेकेदार सुटला म्हणायचा!"

सुटला नाही. कामही वाईट असू शकते. पण कुठे काय झाले हे सडकच सांगते. ती वाचायला शिकले पाहिजे. दोन्ही चाकांच्या वाटेवरच चर पडले आहेत, मगरीच्या पाठीची नक्षी तेवढ्याच पट्ट्यात आहे आणि मधला भाग धड आहे, असे असेल तर ते वजनाचे काम. सगळ्या रुंदीभर, जिथे चाक फारसे जात नाही तिथेही, खडी सुटून हाताने गोळा करता येते, तर डांबर कमी घातले किंवा जाळून घातले, असा संशय घ्यावा. सखल जागी आणि मोरीजवळच फुटली असेल, तर पाणी तुंबते. कडा तुटल्या असतील, तर सडक अरुंद आहे आणि साइडपट्टी खचली आहे. मोठ्या दुपदरी रस्त्यावर तर आणखी सोपी खूण आहे. कारखान्याकडे जाणारी बाजू पाहा आणि परत येणारी बाजू पाहा. जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी. काम एकाच ठेकेदाराचे, पाऊस दोन्ही बाजूंवर सारखाच. तरी एक बाजू आधी फुटते.

त्या रविवारी आम्ही सगळे फाट्यापर्यंत चालत गेलो. आपल्या सडकेवर काय दिसले? चाकांच्या वाटेवर चर होते, हे खरे. पण मावशींच्या घरापुढे आणि ओढ्याच्या मोरीपाशी सर्वांत जास्त खड्डे होते. तिथे साइडपट्टीवर माती चढून सडकेपेक्षा उंच झाली होती आणि गटार बुजले होते. बुजवले कोणी? शेजारच्या रानात गाडी उतरावी म्हणून आपल्यापैकीच कोणीतरी. शंभर पावलांवर एका जागी खडी बोटाने निघत होती. म्हणजे तीनही गोष्टी होत्या. वादात तिघेही थोडे थोडे खरे ठरले.

कायद्याचेही थोडे सांगून ठेवतो. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणे जादा माल भरल्यास २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये. शिवाय जादा माल जागेवर उतरवायचा. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतः करू शकता. पुष्कळ मालगाड्यांच्या बाजूवर गाडीचे वजन आणि मालासकट वजनाची मर्यादा रंगवलेली असते. अक्षरे इंग्रजी असली तरी आकडा ओळखता येतो. काट्याची पावती तर आपल्या हातातच असते.

आबांनी पावती पुतण्याला दाखवली. तो म्हणाला, "काका, मी एकट्यानं कमी भरला तर माझा हप्ता थकतो, आणि बाकीचे भरतातच. काट्यावरच जादा गाडी घेतली नाही, तर सगळेच कमी भरतील. पण तिसऱ्या खेपेचं डिझेल कुणी द्यायचं, ते आधी ठरवा." यावर वर्गात तीन दिवस बोलणे झाले. कोणी म्हणाले दर वाढवून मागू. कोणी म्हणाले, तोडणी-वाहतूक आपल्याच उसाच्या बिलातून कापतात, वाढवला तर भार आपल्यावरच. आमच्यापाशीही तयार उत्तर नव्हते. पण प्रश्न ग्रामसभेत मांडायचे ठरले. भर पावसात वाळू-खडीचे टिपर गावच्या सडकेवरून नेऊ देऊ नयेत, ही मागणीही त्यातच घातली. अर्ज आबांनी लिहिला. एक पान लिहायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या.

गळीत हंगाम सुरू व्हायला अजून महिना आहे. अर्जाचे उत्तर आलेले नाही. तोवर साइडपट्टीवर चढलेली माती काढून गटार मोकळे करायचे काम वर्गातल्या मंडळींनी घेतले आहे. सुरुवात मावशींच्या घरापुढून झाली. पहिली पाटी आबांच्या पुतण्याने उचलली.